बिनदाखल्याचा निबंध

माझ्या निबंधाच्या शेवटी सरांनी तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला होता: "कुठून?" गुण नाहीत, सही नाही. त्या शब्दाचा राग मला अजून येतो. आयुष्यात हाताशी आलेली बहुतेक चीजवस्तू मी बरं गिऱ्हाईक भेटताच विकून मोकळा झालो. हा राग तेवढा विकला नाही.

आम्ही तेव्हा हैदराबाद राज्यातून नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो. घर तेच, बांध तोच, पण पत्ता लिहिताना राज्याचं नाव खोडून नवं घालावं लागायचं. माझी शाळा उर्दूत सुरू झाली, मराठीत संपली आणि परभणीच्या कॉलेजात गेलो तर तिथली पुस्तकं इंग्रजीत निघाली. तरी गेलो, आणि घरून काही न घेता स्वतःच्या कमाईवर गेलो. माझा मामा बैलांचा दलाल होता. आसपास जिथे जनावरांचा बाजार भरेल तिथे तो खांद्यावर उपरणं टाकून हजर असायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्याच्या मागे हिंडलो. कॉलेजात नाव घातलं तेव्हा माझं स्वतःचं उपरणं झालं होतं आणि माझ्याशी सौदा करताना जुने व्यापारी आधी पाणी पिऊन घ्यायचे.

उपरण्याचं सांगायला हवं. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव बोलतात. तोंडाने तेव्हा भलतंच चाललेलं असतं. जावई कसा निघाला, विहिरीला पाणी किती, तुमच्याकडची तूर कशी आहे. खाली बोटं हातघाईवर आलेली आणि वर तूर. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला भाव कुठवर आला ते कळत नाही. जमलं की एकमेकांची मूठ धरून एकदा हलवायची. हलवली की सौदा पक्का. कोणतं बोट म्हणजे किती, हे मी निबंधात लिहिलं नव्हतं आणि इथेही लिहिणार नाही.

अर्थशास्त्राचे सर पुण्याकडून आले होते. अंगाने किरकोळ, बाराही महिने बंद गळ्याचा कोट, आणि आमच्यासारख्या पोरांनाही अहो म्हणायचे. त्यांनी "आपल्या भागातील बाजार" यावर निबंध लिहायला सांगितला. मराठीत लिहिला तरी चालेल, पण तो मान्य झाल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, असंही बजावलं.

वर्गातल्या बाकीच्यांनी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे माझ्या रागाला बूड आहे हे पटेल. वसतिगृहात एक जुनं गाइड पडलेलं होतं. त्यात बाजारावर एक धडा होता, पण तो विलायतेतल्या कुठल्याशा गावचा. तो धडा हातोहात फिरला. परभणी तालुक्यात लोकर आणि चीज यांची मोठी उलाढाल होते, असं अर्ध्या वर्गाने लिहून दिलं. त्यातल्या एकालाही चीज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एकजण म्हणाला, "चीजवस्तू असंल." शेवटी संदर्भग्रंथ द्यायचे म्हणून ग्रंथालयातल्या एका कपाटाची यादी वरपासून खालपर्यंत उतरवली. त्या कपाटात सुईणींसाठी लिहिलेलं एक पुस्तक होतं, तेही आलं.

मी मात्र जवळच्या ताडकळसच्या बैलबाजारावर लिहिलं. उपरण्याखालचा सौदा, तोंडावरची तूर, आणि भाव झाकून का ठेवायचा याची कारणं. पडेल भावाला बैल द्यावा लागला तरी विकणाऱ्याची मान चारचौघांत खाली जात नाही, हे त्यातलं मुख्य कारण. पुस्तकाचं नाव एकही नाही, कारण पुस्तक उघडलंच नव्हतं.

निबंध परत आले. लोकर-चीजवाल्यांच्या कागदांवर सरांनी लिहिलं होतं, "पुन्हा लिहा. परभणीवर लिहा." आणि मला खोलीवर बोलावलं. ज्यांची चोरी पकडली त्यांना पुन्हा लिहा, आणि ज्याची पकडता आली नाही त्याला बोलावणं. राग येणार नाही तर काय होईल?

"हे तुम्ही लिहिलंत?" सरांनी विचारलं.

"अक्षर माझंच आहे, सर."

"अक्षराचं विचारत नाही मी. हे मिळालं कुठून? एखादं पुस्तक, सरकारी अहवाल?"

"पुस्तकात न्हाई हे."

"मग कुणी सांगितलं?"

व्यापारात मामाने मला पहिल्याप्रथम शिकवलं ते हेच, की माल कुठून आणला ते सांगायचं नाही. सांगितलं की गिऱ्हाईक उद्या परभारे तिकडे जातं.

"सांगता येणार नाही, सर. धंद्याची गोष्ट आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अहो, हा निबंध आहे. इथे उलटं असतं. कुठून आणलं ते आधी सांगायचं, म्हणजे वाचणाऱ्याला तिथे जाऊन बघता येतं."

"तेच तर नको आहे. त्यांनी तिथं जाऊन बघितलं तर मग माझा उपयोग काय?"

"प्रत्येक पानावर निदान तीन-चार तळटिपा हव्यात," सर म्हणाले.

आकडा ऐकला आणि मला बरं वाटलं. आकड्यावर आलेला माणूस हातात येतो.

"चार लय झाल्या. सगळ्या निबंधाला मिळून दोन देतो."

"हा भाजीबाजार नाही."

"भाजीबाजारात मी घासाघीस करतच नाही, सर. चला, पानाला एक. शेवटचं सांगतो."

शेवटचं म्हटल्यावर उठायचं असतं, म्हणून मी उठलो. मग समोरचा परत बोलावतो. सरांनी बोलावलं नाही. मी दारापर्यंत गेलो, जोडा घालायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावला, एकदा खोकलोसुद्धा. काही नाही. शेवटी जोडा काढून आपणहून परत आत आलो. माझ्या सगळ्या व्यापारात मी असा परत आलो तो तेवढा एकदाच.

"सोमवारी हा निबंध प्राचार्यांपुढे जाईल," सर शांतपणे म्हणाले. "कुठून घेतलं हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर तो उसना आहे असं मला लिहावं लागेल. मग परीक्षा नाही."

परीक्षेचं दुःख होतंच. पण जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माझ्या बोटांनी दाबलं, ते माझं नाही, असा शेरा लागणार या विचाराने माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. दौत हलली.

"मग बाजाराला चला माझ्यासंगं. बघा डोळ्यांनी."

मला वाटलं, पुण्याचा माणूस, नको म्हणेल.

"कधी निघायचं?" सर म्हणाले.

ताडकळसच्या बाजारादिवशी सर सकाळीच कोट घालून आमच्या गाडीत बसले. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याने मला बाजूला घेतलं.

"अरं, मास्तरला कामून आणायलास? बैल घ्यायचाय का त्यांला?"

"न्हाई मामा. बघायचंय."

"बाजारात बघायला कोन येतंय? येक तर घ्यायला येतंय, न्हाई तर इकायला. तिसरा आला की त्यो सरकारचा मानूस."

आणि झालंही तेच. सरांनी बाजारात पाय ठेवून वही उघडली आणि बातमी त्यांच्या पुढे पळाली की नव्या राज्याचा साहेब बैलांवर पट्टी बसवायला आला आहे. सर ज्याच्यापुढे उभे राहतील तो आपला बैल म्हातारा असल्याचं सांगू लागला. चांगले चार दाती, उड्या मारणारे गोऱ्हे धरून माणसं म्हणायची, "काय खरं न्हाई सायेब, दिस मोजायलाय बिचारा." सर ते सगळं मन लावून लिहून घेत होते. मला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता, कारण माझ्या निबंधातलं एकही वाक्य तिथे खरं ठरायला तयार नव्हतं.

शेवटी मामालाच दया आली. "मास्तर, वही ठिवा खिशात. असं लिवून काय कळायचं न्हाई. हात घाला."

झरीचा एक शेतकरी तांबडा कंधारी बैल घेऊन उभा होता. बैलही देखणा आणि मालकही. मामाने त्याला मास्तरशी हात घालायला सांगितलं. सर गुडघ्यांशी बरीच ओढाताण करून कसेबसे उकिडवे बसले. वरून उपरणं पडलं. झरीवाल्याने बोटं दाबली आणि सर एकदम फिस्सकन हसले. त्यांना गुदगुल्या झाल्या. कॉलेजात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"पोरगी उजवली का मास्तर?" झरीवाल्याने रीतीप्रमाणे विचारलं.

"मला मुलगी नाही," सर खरं तेच बोलले.

"पानी कसं हाय तुमच्याकडं?"

"नळाला येतं. सकाळी."

तोंडाने काय बोलतो याला तिथे काही किंमत नसते हे त्यांना कोण सांगणार? ते प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर देत होते आणि खाली त्यांची बोटं काय बोलत होती ते देव जाणे. थोड्या वेळाने त्यांचं समाधान झालं. चेहरा नुसता फुलला होता. "वा," ते म्हणाले, "फार छान. मी आपला आभारी आहे." आणि पुण्याच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी उपरण्याखालीच झरीवाल्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

उपरणं हललं. आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. झरीवाला उठला, पटका नीट केला, बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि कासरा सरांच्या हातात दिला.

"घ्या मालक. बैल तुमचा."

"कोणता बैल?" सरांनी विचारलं.

"ह्यो. ह्याच्यापायी तर इतका येळ बसलाव."

"अहो, मी फक्त आभार मानले."

"आभार तोंडानं मानत्यात, मालक. मूठ हालली का न्हाई?"

"हालली," भोवती जमलेले सगळे एकदम म्हणाले. आता सगळा बाजार तिथेच लोटला होता.

सरांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मी हा कितीला घेतला?" मला काय माहीत? मामालाही माहीत नव्हतं. उपरण्याखालचं दोघांनाच ठाऊक, आणि त्यातल्या एकाला ते ठाऊकच नव्हतं. झरीवाल्याने वाकून सरांच्या कानात सांगितलं. सर होते तिथे खाली बसले. बैलाने त्यांच्या कोटाचा वास घेतला.

मग मी पुढे सरलो. तावातावाने भांडलो, सौदा रीतीचा नाही म्हणालो, घेणारा परका आहे म्हणालो, बैलाच्या कपाळावर अशुभ भोवरा आहे म्हणालो. भोवरा नव्हता. झरीवाला जागचा हलला नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही हललो नसतो. मूठ हलली की हलली. सर मधून मधून "मी बैल ठेवू कुठे?" असं विचारत होते, ते कुणाला उद्देशून कोण जाणे. वसतिगृहाच्या मागे जागा आहे, असं कुणीतरी सुचवलंही.

इतका वेळ तंबाखू मळत बसलेला मामा तेव्हा म्हणाला, "दाखला काढ."

प्रत्येक बैलाबरोबर त्याच्या गावच्या पाटलाची चिठ्ठी असते. बैल कुणाच्या दावणीचा, आधी कुणाकडून आला, ते तिच्यात असतं. ती हातात पडल्याशिवाय कुणी कासरा घेत नाही. घेतला तर उद्या खरा मालक पोलीस घेऊन दारात उभा राहायचा.

झरीवाला जरा चाचपडला. "दाखला घरी ऱ्हायलाय. पुढच्या बाजारी आणतो की."

"मग सौदा बी पुढच्या बाजारी."

आता तो भडकला. "म्हंजी मी चोर हाय का? ह्यो माझ्या दावणीला जलमलाय. ह्याच्या मायचं दूध माझी लेकरं प्यालीत. कुनाला बी इचारा."

"चोर कोन म्हनतंय तुला?" मामा म्हणाला. "दाखला न्हाई, इतकंच म्हनायलाव."

झरीवाल्याने रागाने पाय आपटला. मी त्याच्याकडे बघत होतो. सरांच्या टेबलावरची दौत मी हलवली होती ती अशाच रागाने. त्याचा बैल त्याचाच होता, त्यात तिळाएवढी शंका नव्हती. तरी त्याला कासरा परत घ्यावा लागला. सरांनी तो अगदी दोन्ही हातांनी परत दिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. बोलले असते तर मी तिथेच भांडलो असतो.

परतीच्या वाटेवर सरांना हसू आवरेना. थोडं थांबायचं, परत उसळायचं. "नळाला येतं म्हणालो मी, सकाळी," असं म्हणायचे आणि पोट धरायचे. मामाही हसला. मग मलाही राहवेना. आम्ही तिघं गाडीत असे हसत होतो की समोरून येणाऱ्या गाडीवानाने आम्हाला पिऊन आलेले समजून आपली गाडी कडेला घेतली.

गाव जवळ आल्यावर सर म्हणाले, "बैल त्याचाच असणार, नाही?"

"त्याचाच," मी म्हणालो.

"तरी दाखला लागतो."

"लागतो."

"हं," सर म्हणाले. त्या "हं"चा मला निबंधावरच्या शब्दाइतकाच राग आला. पण भाव झाकायचा आणि दाखला दाखवायचा, हे मी दर बाजारी करत होतो. निबंधात मी दाखलाच झाकून बसलो होतो.

टिपांत नाव घालू का, असं मामाला विचारलं तर तो म्हणाला, "माझं नाव घातलंस तर तंगडं मोडीन. उद्या माझ्या उपरण्याखाली हात कोन घालंल?" मी ते सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ज्यांना नको त्यांचं नाव नको. पण कुठल्या बाजारात, कुठल्या महिन्यात, कोणत्या प्रकारच्या माणसाकडून ऐकलं की स्वतः पाहिलं, हे लिहा." किती टिपा, असं मी विचारलं. "मोजू नका," म्हणाले. मोजायचं नाही म्हटल्यावर घासाघीस कशावर करणार? मी टिपा लिहीत सुटलो. काही पानांवर निबंध वर दोन ओळी आणि खाली सगळा ताडकळसचा बाजार असं झालं. सोमवारी कागद प्राचार्यांकडे न जाता माझ्याकडे परत आले. तांबड्या शाईत होतं, "मान्य." मी परीक्षेला बसलो.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

पुढच्या वर्षी ग्रंथालयात पुण्याचं एक मासिक आलं. त्यात सरांचा लेख होता, बैलबाजारातल्या बोटांच्या भाषेवर. चांगला होता. तोंडावरची तूर होती, विकणाऱ्याची मान होती. आणि खाली बारीक अक्षरांत तळटीप: "ही माहिती ताडकळसच्या बाजारातील एका माहीतगार व्यापाऱ्याकडून मिळाली. नाव देण्याची त्यांची इच्छा नाही." पुढच्या पानावर आणखी एक मजकूर होता, "परगावच्या एका गृहस्थाने अनवधानाने हस्तांदोलन केल्यामुळे" सौदा कसा पक्का झाला, याचा.

मी ते मोठ्याने वाचतोय हे ग्रंथपाल ओरडेपर्यंत मला कळलं नाही.

खोलीवरून उपरणं घेतलं आणि सरांपुढे जाऊन उभा राहिलो. मासिक टेबलावर टाकलं.

"हा माहीतगार व्यापारी कोण, सर?"

"तुम्हीच की." सरांना आनंदच झाला होता. "नाव नको म्हणाला होतात, म्हणून..."

"मामाचं नको म्हणालो होतो. माझं हवं होतं. मला विचारलं होतं का?"

"नाही," सर म्हणाले. "विचारायला हवं होतं."

"मागं तुमी म्हणालात, हे तुमचं न्हाई. आता म्हणता, हे कुणाचंच न्हाई. आणि हे परगावचे गृहस्थ? यांचा दाखला कुठं हाय?"

सरांचे कान तांबडे झाले. परगावच्या गृहस्थाचं नाव कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. मामाने आणि मी बोभाटा केला नव्हता. मी उपरणं टेबलावर पसरलं.

"हात घाला, सर."

"छापून झालं हो ते. आता काय करणार?"

"इथं ज्या प्रती आल्यात त्यांत हातानं लिहायचं. किती, ते खाली बोलू."

त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हात घातला. एक बोट दाबलं. मी सगळी दाबली. ते मागे सरकले, मी पुढे. आणि मग सरांनी छताकडे बघत अगदी सहज विचारलं, "यंदा तुमच्याकडची तूर कशी आहे?"

तळटिपेचा माझा राग तिथे पार भुईसपाट झाला. मी म्हणालो, "बरी आहे सर, पण कीड पडायलीय," आणि आम्ही दोघं ओठ दाबून हसत, खाली बोटांनी एकमेकांच्या जिवावर उठलो होतो. शेवटी मूठ हलली. या खेपेला त्यांनी ती समजून हलवली.

ग्रंथालयातली प्रत, शिक्षकांच्या खोलीतली आणि त्यांच्या स्वतःच्या संग्रहातली, या तिन्हींत सरांनी त्या तळटिपेवर रेघ मारून माझं नाव, वडिलांचं नाव आणि गाव लिहिलं. ते शिसपेन्सिल घेत होते, मी शाई घ्यायला लावली. बदल्यात परगावच्या गृहस्थाचं नाव मी कधी उच्चारायचं नाही असं ठरलं. म्हणून ते इथे नाही. माझं नावही इथे घातलेलं नाही. ते त्या प्रतींमध्ये आहे, आणि ज्याला हवं त्याने तिथे जाऊन बघावं.

पुण्याकडच्या प्रतींमध्ये मात्र मी अजून "एक माहीतगार व्यापारी" आहे. तो सौदा राहिलेला आहे.